गहू सोडण्यापूर्वी

माझ्या दवाखान्यात हल्ली आठवड्यातून एखादा तरी रुग्ण असा येतो, की जो निदान स्वतःच करून आलेला असतो. खुर्चीवर बसता बसता तो सांगतो, "डॉक्टर, मला ग्लुटेन चालत नाही." कुणाला मैत्रिणीने सांगितलेले असते, कुणाच्या अमेरिकेतल्या मुलाने फोनवरून घरातला गहू बंद करायला लावलेला असतो. पूर्वी मी अशा माणसांना मनातल्या मनात हसत असे. आता हसत नाही. त्याला कारण झाल्या एक शिक्षिका. त्यांचे नाव सांगत नाही, आपण त्यांना नुसते बाई म्हणू. गावात सगळे त्यांना बाईच म्हणतात.

गोष्ट २००६ सालची. बाई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. पोळी खाल्ली की तासा-दोन तासांत पोट फुगायचे, दिवसातून तीन-चार वेळा शौचाला जावे लागायचे, संध्याकाळी डोके जड आणि अंगात त्राण नाही. मी शौचाची तपासणी केली, थायरॉइड पाहिले, सोनोग्राफी केली. सगळे ठीक. मग म्हटले, "बाई, महिनाभर गहू बंद करून बघा." महिन्याने त्या पेढे घेऊन आल्या. पोट शांत, डोके शांत. मी त्यांच्या केसपेपरवर 'गहू सोसत नाही' असे लिहिले आणि प्रकरण मिटवले. निघताना त्यांनी विचारले, "सणावाराला एखादी पुरणपोळी?" मी उदारपणे म्हणालो, "चालेल की." या वाक्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आधी ग्लुटेन म्हणजे काय ते पाहू. लहानपणी आपल्यापैकी पुष्कळांनी गव्हाचे दाणे चघळून चघळून त्याचे च्युइंगगम केलेले असेल. तोंडातला पिठूळपणा निघून जातो आणि मागे एक चिवट, रबरासारखा गोळा उरतो. तो गोळा म्हणजे बहुतांशी ग्लुटेन. ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन या दोन गटांतली प्रथिने पाणी लागले की एकमेकांत गुंतून त्याचे जाळे तयार होते. पोळी लाटताना फाटत नाही आणि पाव फुगून तसाच राहतो, तो या जाळ्यामुळे. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरीला उकळते पाणी लागते आणि थापणाऱ्याचा हात तयार असावा लागतो. जव आणि राय या धान्यांतही ग्लुटेनची भावंडे आहेत. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका, राजगिरा यांत त्रासदायक असे काही नाही.

गव्हाने त्रास होण्याच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत आणि सगळा घोटाळा त्या एकत्र केल्यामुळे होतो.

पहिली गव्हाची ॲलर्जी. ही शेंगदाण्याच्या किंवा कोळंबीच्या ॲलर्जीसारखी. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा थोड्या तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो. काही जणांना तर गहू खाऊन लगेच पळण्याचा व्यायाम केला तरच ती येते. त्वचेवरच्या आणि रक्तातल्या तपासणीने ती बहुधा ओळखता येते.

दुसरी तऱ्हा सीलियाक रोगाची. यात ग्लुटेनला विरोध करता करता शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आत मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातले सत्त्व शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते झिजून सपाट होतात. मग जुलाब होतात, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, मुलांची उंची खुंटते. कित्येकांना जुलाब होतच नाहीत. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पांडुरोग हीच काय ती खूण असते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला १९३० च्या दशकातच गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हाच्या अनुभवाने त्याची खात्री पटत गेली. १९५० साली त्याने उट्रेक्ट विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. हा गोऱ्या लोकांचा रोग, असे आमच्या पिढीला शिकवले गेले. ते खरे नाही. उत्तर भारतात, म्हणजे जिथे गहू हेच मुख्य अन्न आहे तिथे, शंभरात सुमारे एकाला तो असतो, असे दिल्लीच्या परिसरातल्या पाहणीत दिसले. दक्षिणेत तो पुष्कळच विरळ आहे. आपण मध्ये आहोत आणि आपल्या ताटातली भाकरी मागे पडून पोळी पुढे आली आहे, हेही लक्षात ठेवावे.

तिसरी तऱ्हा म्हणजे सीलियाक नाही, ॲलर्जीही नाही, तरी गहू खाल्ला की त्रास आणि सोडला की बरे. पोट फुगणे, दुखणे, जुलाब किंवा उलट बद्धकोष्ठ, डोकेदुखी, थकवा, डोक्यात धुके भरल्यासारखे वाटणे. यातले बरेचसे काही तासांत, कधी एक-दोन दिवसांनी सुरू होते. १९७८ आणि १९८० साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा थोड्या रुग्णांची नोंद केली होती. पुढे तीस वर्षे तिकडे फारसे कुणी पाहिले नाही. याला सीलियाकविरहित ग्लुटेन संवेदनशीलता असे लांबलचक नाव आहे.

या तिसऱ्या प्रकाराची अडचण अशी, की त्याला रक्ताची तपासणी नाही, दुर्बिणीतून दिसणारी खूण नाही. पहिल्या दोन शक्यता खोडून काढल्यावर जे उरते ते हे. म्हणजे आधी सीलियाक नाही याची खात्री हवी. आणि ती करायची असेल तर तपासणीच्या वेळी माणूस गहू खात असला पाहिजे. श्रोतेहो, आजच्या भाषणातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

असे का, ते सांगतो. सीलियाकसाठी रक्तात टीटीजी नावाची प्रतिद्रव्ये पाहतात. सोबत एकूण आयजीए किती आहे तेही पाहावे लागते, कारण ज्यांच्या शरीरात आयजीए जात्याच कमी असते त्यांची टीटीजी चाचणी खोटी निर्दोष येते. मग दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे चार-सहा बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण गहू बंद केला की प्रतिद्रव्ये हळूहळू उतरतात, आतड्याची लव पुन्हा उगवू लागते. चोर पळून गेल्यावर पंचनामा करण्यासारखे ते होते. अशा माणसाला पुन्हा रोज दोन वेळच्या जेवणात गहू खायला घालून, साधारण सहा आठवड्यांनी तपासावे लागते. एक जनुकीय तपासणीही आहे, डीक्यू-२ आणि डीक्यू-८ या नावांची. तिचा उपयोग नकारासाठी. ती जनुके नसतील तर सीलियाक जवळजवळ नाहीच. असतील तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी माणसांतही तिसऱ्या हिश्श्याला ती असतात.

आता बाईंकडे. २०१५ साली त्या आल्या त्या मुलीचा कागद घेऊन. मुलगी अकरा वर्षांची. वर्गात सर्वांत बुटकी, वर्षभर लोहाचे औषध घेऊनही रक्त वाढत नव्हते. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी केली, ती खूप वाढलेली निघाली. आतड्याच्या तपासणीतही सीलियाकच आला. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, हे माझ्याकडून तर नाही ना गेलं तिला? आणि मला नक्की काय होतं तेव्हा?"

मला उत्तर देता येईना. २००६ साली टीटीजीची तपासणी मिळत होती. मी ती करून घेतली नव्हती. गहू सोडून बरे वाटले, एवढ्यावर मी निदान मांडले होते.

त्यांचे रक्त आम्ही तसेच तपासले. ते सीमारेषेवर आले, ना धड हो ना धड नाही. जनुकीय तपासणीत डीक्यू-२ निघाले. तेव्हा ठरले, की सहा आठवडे रोज चार पोळ्या खायच्या. ज्या पोळीने नऊ वर्षे भीती घातली ती स्वतः लाटून औषधासारखी खायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "थांबवू का हो?" मी म्हटले, थांबवा. पण त्यांनीच नेटाने पुढे रेटले. शेवटी रक्तातली टीटीजी वाढली आणि आतड्याची लव सपाट झालेली दिसली. सीलियाकच होता. हाडांची घनता पाहिली तर चव्वेचाळिसाव्या वर्षी साठीच्या बाईची असावी तशी. मी चालेल म्हणून सांगितलेल्या पुरणपोळ्या, लग्नातल्या दोन पुऱ्या, रविवारचा शिरा, यांनी आतडे नऊ वर्षे धुमसत ठेवले होते. आणि आईचे निदान वेळेवर झाले असते तर मुलीची तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच झाली असती. सीलियाक रुग्णाच्या आईवडील, भावंडे, मुले यांपैकी दहात एकाला तो निघू शकतो.

म्हणून 'सीलियाक की संवेदनशीलता' हा शब्दांचा खेळ नाही. सीलियाकमध्ये पथ्य जन्मभराचे आणि कणभरही सूट नसलेले. संवेदनशीलतेत आतडे झिजत नाही, त्रास होतो तेवढाच. त्यात थोडीफार सूट चालते, पुढे कधी पुन्हा गहू खाऊन पाहता येतो आणि घरच्यांना तपासण्याची गरज पडत नाही.

पण सीलियाक नाही असे ठरल्यावर तरी, गहू खाऊन होणारा त्रास ग्लुटेनचाच कशावरून? गव्हात दुसरेही बरेच काही असते. इथे विज्ञानाने गेल्या काही वर्षांत मोठी मजेदार वळणे घेतली आहेत.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली चौतीस रुग्णांवर प्रयोग केला. काहींच्या पावात गुपचूप ग्लुटेन घातले, काहींच्या नाही. ग्लुटेनवाल्यांना जास्त त्रास झाला. झाले, ग्लुटेन दोषी ठरले. पण २०१३ साली त्याच गटाने सदतीस जणांना आधी पोटात आंबून वायू करणाऱ्या शर्करा कमी असलेला आहार दिला आणि मग ग्लुटेन दिले. या वेळी ग्लुटेनचा असा वेगळा परिणाम फार थोड्यांत दिसला. आपलाच निष्कर्ष दोन वर्षांत तपासून मागे घेणाऱ्या माणसांचे मला कौतुक वाटते.

या शर्करांपैकी गव्हातली महत्त्वाची म्हणजे फ्रुक्टान. ती माणसाच्या आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. तीच कांद्यात आणि लसणात असते. नॉर्वेत ऑस्लो येथे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या आणि सीलियाक नसलेल्या एकोणसाठ जणांना आठवडा-आठवडाभर तीन प्रकारच्या वड्या खायला दिल्या. एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत दोन्ही नाही. सर्वांत जास्त त्रास ग्लुटेनने झाला अशी माणसे तेरा, फ्रुक्टानने चोवीस आणि काहीच नसलेल्या वडीने बावीस.

त्या बावीस जणांना हसू नका. अपेक्षेनेही पोट दुखते आणि ते खरेच दुखते. आतडे आणि मेंदू यांचे फार जवळचे नाते आहे. परीक्षेच्या दिवशी ते सगळ्यांनी अनुभवलेले आहे. २०२४ साली इंग्लंड आणि नेदरलँड्समध्ये त्र्याऐंशी जणांवर झालेल्या प्रयोगात, ग्लुटेन आहे असे सांगून खरोखर ग्लुटेन दिले त्यांना सर्वाधिक त्रास झाला. तेच ग्लुटेन 'यात नाही' असे सांगून दिले तेव्हा त्रास स्पष्टपणे कमी होता. शिवाय गव्हात किडीपासून दाण्याचे रक्षण करणारी काही प्रथिने असतात. ती प्रतिकारपेशींना चाळवतात, असे जर्मनीतल्या माइन्झ येथील संशोधकांनी २०१२ साली दाखवले आहे. म्हणजे आरोपी तीन-चार आहेत आणि प्रत्येक माणसात वेगळा सापडू शकतो.

माझ्याकडचे एक दुकानदार याचे उत्तम उदाहरण. आषाढी एकादशीपासून गहू सोडला आणि वर्षानुवर्षांचे पोट फुगणे थांबले, असे ते सांगत आले. सोबत वहिनी होत्या. कार्तिकात मात्र गहू बंद असूनही त्रास परत सुरू झाला, म्हणून त्यांनी आता तांदूळही सोडला होता. मी विचारले, "आषाढात आणखी काय बंद केलं होतंत?" वहिनी पटकन म्हणाल्या, "अहो, चातुर्मास होता. आमच्याकडे कांदा-लसूण बंद असतो." कांदेनवमीला पोटभर भजी खाऊन हे घर चार महिने कांद्याला शिवत नसे, आणि श्रेय मिळत होते गव्हाच्या त्यागाला! सीलियाकच्या तपासणीसाठी काही आठवडे गहू परत सुरू करायचाच होता. तो सुरू केला आणि कांदा-लसूण मात्र बंद ठेवला. पोट शांत राहिले आणि रक्तही निर्दोष आले. पुढे शिजवलेला थोडा कांदा त्यांना सोसतो असे आढळले, लसूण नाही. त्यांना एक युक्ती सांगितली. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही. तेव्हा फोडणीच्या तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकायच्या आणि मगच भाजी घालायची. स्वाद राहतो. पातीच्या कांद्याची नुसती हिरवी पातही चालते.

मग ग्लुटेनचा त्रास खरा आहे का, हे ओळखायचे कसे? २०१४ च्या ऑक्टोबरात इटलीतल्या सालेर्नो येथे तज्ज्ञांनी एक पद्धत ठरवली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी एक ते तीन मुख्य तक्रारी निवडायच्या आणि त्यांना एक ते दहा गुण द्यायचे. आधी नेहमीचे खाताना, मग सहा आठवडे ग्लुटेन पूर्ण बंद ठेवून. तक्रार निदान तीस टक्के उतरली नाही तर ग्लुटेनचा संबंध नाही, खुशाल पोळी सुरू करा. उतरली तर दुसरी पायरी. एक आठवडा रोज आठ ग्रॅम ग्लुटेन, मध्ये एक आठवडा विश्रांती, मग एक आठवडा तसाच दिसणारा पण ग्लुटेन नसलेला पदार्थ. कोणता कधी आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि गुण मोजणाऱ्यालाही नाही. दोन्हींत तीस टक्क्यांचा फरक पडला तर निदान पक्के. आठ ग्रॅम ग्लुटेन म्हणजे साधारण तीन-चार पोळ्यांतले.

हे तंतोतंत घरी जमणे कठीण. मी काही रुग्णांच्या घरी थालीपिठातून करून पाहिले. ग्लुटेनची पूड घातलेले थालीपीठ न मोडता छान थापले जाते आणि खाणारा पहिल्या घासाला ओळखतो. तरीही गुणांची वही ठेवण्याचा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम प्रत्येकाला पाळता येतो. गहू, दूध, कांदा आणि चहा एकाच सोमवारी सोडणाऱ्याला कशाने बरे वाटले हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. रक्ताच्या एका थेंबातून दोनशे पदार्थांची असहिष्णुता सांगणाऱ्या महागड्या तपासण्यांवर पैसे घालवू नयेत. त्यांना शास्त्रीय आधार नाही. आणि वजन उतरणे, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्त कमी होणे यांपैकी काही असेल तर आहाराचे प्रयोग करत न बसता डॉक्टरांकडे जावे. आपल्याकडे आतड्याचा क्षयही अजून आहे.

निदान झालेच तर आपल्यासारखे भाग्यवान आपणच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळाची भाकरी, आंबोळी, घावन हे सगळे ग्लुटेनविना घरचेच आहे. दुकानातली ग्लुटेनविरहित बिस्किटे महाग असतात, त्यांत अनेकदा तंतू कमी आणि साखर-तूप जास्त. ती घ्यायचीच तर वेष्टनावर तसे स्पष्ट लिहिलेले पाहावे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे त्यात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

खपली गव्हाविषयी हटकून विचारतात. खपली हाही गहूच. लोकवन, सिहोर, बन्सी, खपली, सर्वांत ग्लुटेन आहे. संवेदनशीलतेच्या एखाद्या रुग्णाला खपली सोसेलही, सीलियाकच्या रुग्णाने तिला हात लावू नये. रवा, मैदा, शेवया, दलिया, कुरडई हे गव्हाचेच. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सातूचे पीठ यांतही बहुधा गहू असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पुडीत जव असतो. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचे पीठ लिहिलेले सापडते, ते आधी मलाही माहीत नव्हते. बाईंनीच ती डबी आणून दाखवली.

त्या आता गिरणीत जात नाहीत, कारण तिथल्या जात्यात आधीच्या दळणाचा गहू उरलेला असतो. घरी छोटी घरघंटी घेतली आहे, तिच्यात गहू कधीच जात नाही. मुलीची उंची पुढच्या तीन वर्षांत आईच्या खांद्यावर गेली. तिच्या लग्नात पुरणपोळी ज्वारी आणि तांदळाच्या पिठाची करायची, असे बाईंचे ठरले आहे. ती फाटते, पण सराव चालू आहे.